पालुशांच्या घरी फुलं नेऊ नका

आमच्या ग्रिमरोडे गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पालुशांकडे बोलावणं आलं तर केक न्या, बटाट्याचं सॅलड न्या, अगदी हात हलवत आलात तरी मी दार उघडीन. फुलं तेवढी नेऊ नका. गावात नवीन आलेल्याला शेजारीच सावध करतात. आमच्या नव्या पाद्रीबाबांना कोणी सांगितलं नव्हतं. ते ट्यूलिप घेऊन आले आणि एवाल्डने ती हातात घेतलीच नाहीत. बिचारे दुपारभर मांडीवर ट्यूलिप ठेवून कॉफी प्यायले.

लोकांना वाटतं, एवाल्डला फुलांचं वावडं आहे, शिंका येत असतील. शिंकाबिंका काही येत नाहीत. मी त्याची बायको आहे. खरं काय ते मला विचारा.

एवाल्डचा बाप कोळशाच्या खाणीत होता, माझाही. त्या काळी हिरवळीचं मैदान फक्त फुटबॉल क्लबच्या मोठ्या संघाला. पोरं खेळायची खाणीतून निघालेल्या राखेच्या मैदानावर. पडलं की राख कातडीखाली जायची आणि तिथेच मुक्काम करायची. एवाल्डच्या दोन्ही गुडघ्यांवर आजही निळे ठिपके आहेत. लग्नाआधी मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा विचारलं होतं, "हे काय गोंदवलंयस?"

"क्लबचं नाव लिहायला घेतलं होतं," म्हणाला. "सुई मोडली."

असा हा माणूस. चेंडू नाचवणं त्याला कधी जमलं नाही. धावायचा तोही कपाट ढकलल्यासारखा. पण बेकरी उघडायच्या आधीच दारात उभ्या असलेल्या म्हातारीसारखा तो गोलसमोर आधीच जाऊन उभा असायचा, आणि चेंडू नेमका तिथेच यायचा. आमच्याकडे गोल झाला की मैदानावरचा निवेदक खेळाडूचं नाव पुकारतो आणि आडनाव लोक ओरडतात. आमचा निवेदक गिस्बर्ट. तो म्हणायचा, "एवाल्ड...!" आणि अख्खं मैदान गर्जायचं, "पालुश!" असं तीनदा. रविवारी मी पाव आणायला गेले की बेकरीवाला पिशवी पुढे करत हळूच म्हणायचा, "एवाल्ड..." आणि मागची रांग ओरडायची. मी वरवर चिडायचे. घरी येताना मात्र माझे पाय जमिनीवर नसायचे.

क्लबचा अध्यक्ष होता हार्टविग लोमायर. फर्निचरच्या दुकानांचा मालक. पायात चकचकीत बूट, बोलण्यात लोणी. सगळ्यांना 'मुला' म्हणायचा, आपल्याहून दहाच वर्षांनी लहान असलेल्यांनासुद्धा.

सत्त्याऐंशीच्या वसंतात एवाल्डचा गुडघा कुरकुरायला लागला होता. तेहेतीस वर्षांचा होता तो. शेजारच्या गावच्या क्लबने दोन वर्षांचा करार पुढे केला होता. लोमायरच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्याने क्लबच्या बारमध्ये चारचौघांत एवाल्डचा हात हातात घेतला. "एवाल्ड, मुला, कुठे जातोस? आणखी एक वर्ष आहेसच तू इथे. तुझ्याशिवाय आमचं कसं व्हायचं?"

घरी आल्यावर मी म्हटलं, "कागद माग."

"रोझविटा, त्याने हात दिलाय."

"हातावर सही असते का?"

"खाली खाणीत माझ्या बापाला कोणी कागद दिला होता? हात दिला म्हणजे दिला." आणि शेजारच्या क्लबला त्याने नाही कळवलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर फिरलं. हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना असतो मे महिन्यात. जे खेळाडू क्लब सोडून चाललेले असतात त्यांना सामन्याआधी मैदानाच्या मध्यभागी बोलावतात, अध्यक्ष फुलांचा गुच्छ देतो, गिस्बर्ट दोन शब्द बोलतो. जाणाऱ्याला आपण जाणार हे अर्थातच आधीपासून माहीत असतं. तो केस कापून येतो, पोराबाळांना घेऊन येतो, त्याची बायको रुमाल तयार ठेवते.

त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्याच्या आदल्याच आठवड्यात एवाल्डने क्लबसाठी शंभरावा गोल मारला होता. त्यामुळे सामन्याआधी गिस्बर्टने त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्याला वाटलं, शंभराव्या गोलाचं कौतुक आहे. मलाही तेच वाटलं. मी खेळाडूंच्या बायकांच्या रांगेत बसले होते आणि माझ्या शेजारी लोमायरची बायको इर्मगार्ड होती. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की अंगठी बोटात रुतली. एवाल्ड पोरासारखा धावत गेला. लोमायरने गुच्छ दिला. नारिंगी जर्बेरा, पांढरी कार्नेशन, कडेने हिरवा पाला. मग त्याच्या कानाशी लागून तो म्हणाला, "हस, फोटो काढतायत."

एवाल्ड हसत होताच. त्याने गुच्छ डोक्यावर धरला आणि चारी बाजूंना वळून लोकांना दाखवला.

तेवढ्यात गिस्बर्टचा आवाज आला. "अकरा वर्षं आपल्यासाठी खेळलेल्या खेळाडूला आज आपण निरोप देत आहोत..."

एवाल्डचा हात वरच राहिला. तोंडावरचं हसूही तसंच राहिलं. ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. गिस्बर्ट म्हणाला, "एवाल्ड...", आणि मैदानातून आवाजच येईना, कारण त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. मग आला, पण चर्चमध्ये बोलावा तसा, दबका. सोमवारच्या पेपरात फोटो होता: पालुशने हसतमुखाने घेतला निरोप.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आणि शेजारी बसलेली इर्मगार्ड माझ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाली, "देठ तिरके कापा आणि कोमट पाण्यात ठेवा, फ्राउ पालुश. आठवडाभर टिकतात."

ते वाक्य मी त्या दिवशी गिळलं. ते पचलं कधीच नाही.

घरी आल्याबरोबर मी तो गुच्छ बाल्कनीतून खाली भिरकावला. शेजाऱ्याच्या कबुतरांच्या खुराड्यावर जाऊन पडला. एवाल्ड खाली गेला, फुलं गोळा केली, सुतळीने बांधली आणि तळघरात बटाट्यांच्या फळीवर खिळ्याला उलटी टांगली. ती वाळली, तपकिरी झाली, पण तिथेच राहिली. बटाटे आणायला तो स्वतःच जायचा. मला जाऊ द्यायचा नाही.

तो बोलायचा नाही, म्हणून त्याच्या वाटचंही मी बोलायचे. लोमायरच्या लाकडाला वाळवी लागो, त्याच्या खुर्च्या लोकांच्या बुडाखाली मोडोत. त्याच्या दुकानातून घेतलेलं आमचं कपाट मी विकून टाकलं आणि वर्षभर घरातले सगळे कपडे खुर्चीवर रचून ठेवले. एवाल्ड रोज सकाळी त्या ढिगाऱ्यातून पायमोजे शोधायचा. कुरकुर केली नाही कधी.

पोटासाठी त्याने बिअरच्या कारखान्यात ट्रक चालवायची नोकरी धरली. एक दिवस कळलं की हा आमच्याच क्लबच्या बारमध्ये पिंपं पोचवतो. मी कपाळावर हात मारला. "लाज नाही वाटत? त्याच क्लबात, तेही मागच्या दाराने?"

"पुढच्या दाराने त्यांनी बाहेर काढलंय," एवाल्ड म्हणाला. "आत जायचं तर मागचंच उरलं."

तेव्हा मला कळलं की याने डूख धरलाय. मी नुसती जिभेने धरला होता. याने हाडात धरला होता.

पिंपं उतरवता उतरवता तो राखेच्या मैदानावर पोरांचा खेळ बघत थांबायला लागला. मग पोरांचा प्रशिक्षक झाला, फुकट. मग संध्याकाळच्या वर्गांना जाऊन हिशेब, कायदा, करार शिकला. निळे गुडघे टेबलाखाली दुमडून आपल्या पोराच्या वयाच्या मुलांबरोबर परीक्षेला बसला. क्लब लीगच्या दोन पायऱ्या खाली घसरला होता. कोणी चांगला व्यवस्थापक टिकत नव्हता, कारण लोमायर कोणाला टिकू देत नव्हता. शेवटी लोमायरनेच एवाल्डला बोलावलं. खेळाडू कोण घ्यायचे, कोण सोडायचे, हे बघायचं काम त्याला दिलं. बारमध्ये सगळ्यांना सांगत होता म्हणे, "एवाल्ड सोन्यासारखा माणूस. मनात काही ठेवत नाही."

मी ते ऐकलं आणि घरी येऊन हसले. तळघरात काय ठेवतो ते लोमायरला कुठे ठाऊक होतं?

एवाल्ड टाय लावायला शिकला. गाठ मी बांधून द्यायचे. त्याने क्लब वर आणला, दोन्ही पायऱ्या. राखेवरची पोरं शोधून आणली, म्हाताऱ्या नावांवर पैसा उधळणं बंद केलं. एक गोष्ट मात्र तो कोणावर सोपवत नसे. एखाद्या खेळाडूला सोडायचं ठरलं की हिवाळा संपायच्या आत तो स्वतः त्याला बोलवायचा, समोर कॉफी ठेवायचा आणि सांगायचा. काही पोरं रडली, एकाने कप फोडला. पण मे महिन्यात हातात फुलं पडल्यावर कळलं, असं त्याच्या काळात एकाच्याही बाबतीत झालं नाही.

लोमायर मात्र दरवर्षी अध्यक्ष म्हणून निवडून यायचा आणि एवाल्डने केलेलं स्वतःच्या नावावर सांगायचा. मग त्याच्या डोक्यात आलं की पोरांचं राखेचं मैदान घ्यायचं आणि तिथे दुकानाच्या गाड्यांसाठी जागा करायची. तिथे त्याचं चुकलं. क्लबमध्ये अध्यक्षपदासाठी नाव सुचवायचं काम एका समितीकडे असतं. त्या समितीतला एकेक माणूस एवाल्डने गाठला. कोणाच्या कबुतरांचं कौतुक केलं, कोणाच्या नातवाला खेळताना बघायला गेला. लोमायरविरुद्ध एक शब्द बोलला नाही. प्रत्येकाला फक्त राखेच्या मैदानावर घेऊन गेला आणि म्हणाला, "तुमचे गुडघे दाखवा." गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे गुडघे निळे आहेत.

दोन हजार तेराच्या मे महिन्यात, गुरुवारी संध्याकाळी समितीने ठरवलं: लोमायरचं नाव पुन्हा सुचवायचं नाही. एवाल्ड घरी आला तेव्हा मी बटाटे सोलत होते. त्याने कोट काढला, समोर बसला, दुसरी सुरी घेतली.

"मग? कोण सांगणार त्याला?" मी विचारलं.

"मी म्हटलं, मी सांगतो. माझं त्यांचं जुनं आहे."

"कधी सांगणार?"

त्याने अख्ख्या बटाट्याचं साल न तोडता काढलं. "शनिवारी."

शनिवारी घरचा शेवटचा सामना होता. आणि शुक्रवारी लोमायरला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. मी सुरी खाली ठेवली आणि इतकी हसले, इतकी हसले, की डोळे पुसायला समोरचं भांडी पुसायचं फडकंच ओढलं. त्याला वाटणार होतं, वाढदिवसाची फुलं आहेत!

गुच्छ मी स्वतः आणला. फुलवालीला सांगितलं, नारिंगी जर्बेरा, पांढरी कार्नेशन, कडेने हिरवा पाला.

"असले गुच्छ आता कोणी घेत नाही हो, फ्राउ पालुश."

"एकजण घेणार आहे," मी म्हटलं.

शनिवारी मी मुद्दाम इर्मगार्डच्या शेजारी जाऊन बसले. संध्याकाळी वाढदिवसाची मेजवानी होती, म्हणून ती केस बसवून आली होती. "ऊन छान पडलंय ना?" म्हणाली. "फारच छान," मी म्हटलं. मला सगळं माहीत होतं. गिस्बर्टच्या हातात कागद होता. एवाल्डने त्याला बजावलं होतं: मी हात वर केला तर वाचू नकोस, नाही केला तर वाच.

गिस्बर्टने लोमायरला मध्यभागी बोलावलं. तो आला, सावकाश, हॅट हलवत. एवाल्डने गुच्छ पुढे केला. लोमायरने तो काखेत घेतला आणि एवाल्डचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. काहीतरी बोलायला लागला. बोलतच राहिला. बोलणं इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं, पण एवाल्डची मान मला दिसत होती, आणि ती मान मी ओळखते. ती वाकायला लागली होती.

करू नकोस, मी मनात म्हणत होते. हात वर करशील तर याद राख. आज घरात घेणार नाही मी तुला.

त्याचा उजवा हात सुटला. वर आला. छातीपर्यंत आला. तिथे थांबला, आणि त्याने टाय सारखा केला.

गिस्बर्ट वाचायला लागला. "इतकी वर्षं आपल्या क्लबचं अध्यक्षपद सांभाळलेल्या व्यक्तीला आज आपण निरोप देत आहोत..."

लोमायर हसत होता. फोटोवाला समोर होता. हसू तोंडावरून उतरायला वेळ लागतो, हे मी एकदा पाहिलं होतं. आता दुसऱ्यांदा पाहिलं. "हार्टविग...", गिस्बर्ट म्हणाला. आवाज आला, दबका, चर्चमध्ये बोलावा तसा.

मला कसं वाटलं? गोड वाटलं. इतक्या वर्षांनी तोंडाची चव परत आली. मी इर्मगार्डकडे वळले आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हटलं, "देठ तिरके कापा आणि कोमट पाण्यात ठेवा, फ्राउ लोमायर. आठवडाभर टिकतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला आठवलं. मला हवं होतं तेच झालं, तिला शब्द न् शब्द आठवला.

"त्या दिवशी मला सकाळी नाश्त्याला सांगितलं त्याने," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या शेजारी टाळ्या वाजवत होतात. मला दुसरं काही बोलायला सुचलं नाही हो." मग उठायला लागली. समोरच्या खुर्चीची पाठ धरली. "मला खाली त्याच्याकडे जायचंय. हात द्याल?"

मी हात दिला. पण बाजूचा जिना होता, तिथून नेलं नाही. समोरच्या, सगळ्यांच्या डोळ्यांपुढच्या जिन्याने नेलं, आणि घाई केली नाही. ती चांगली बाई होती की नव्हती, हे मला त्या क्षणी ठरवायचं नव्हतं. एवढी वर्षं मी तिच्यावर दात ठेवला होता. तो असा एका वाक्यात काढून द्यायचा?

घरी आल्यावर एवाल्ड सरळ तळघरात गेला. वर आला तेव्हा त्याच्या कोटावर वाळक्या पाकळ्यांचा चुरा होता.

"टाकलीस?" मी विचारलं.

"हात लावल्याबरोबर भुगा झाला."

मी बाटली उघडली, दोन पेले भरले. त्याने पेला उचलला नाही. "तो एवढं काय बोलत होता रे?" मी विचारलं.

"म्हणाला, एवाल्ड, इतकी वर्षं मला वाटत होतं की तू मला माफ केलेलं नाहीस. आणि बरोबरच होतं तुझं. फार वाईट वागलो मी. आज तू स्वतः फुलं घेऊन आलास. आता मला काही नको."

"मग?"

"मग मी टाय सारखा केला."

मी माझा पेला संपवला. मग त्याचाही संपवला.

लोमायर दांपत्य घर विकून लेकीकडे गेलं. राखेचं मैदान वाचलं. समितीने वकिली करणाऱ्या एका हुशार बाईचं नाव सुचवलं, आणि ती अध्यक्ष झाली. एवाल्डचा करार पुढच्या उन्हाळ्यात संपत होता. हिवाळ्यात त्याने विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "अहो हेर पालुश, तुमच्याशिवाय कसं चालेल?" आणि तिने हात पुढे केला. एवाल्डने तो हातात घेतला. घरी येऊन मला सांगितलं. कागद माग, असं मी या वेळी म्हटलं नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि जेवलो.

मे महिना आला. घरचा शेवटचा सामना. त्याच दिवशी एवाल्ड साठ वर्षांचा झाला. मी स्टँडमध्ये माझ्या जागेवर होते, शेजारची खुर्ची रिकामी होती. गिस्बर्टने एवाल्डचं नाव पुकारलं. तो मध्यभागी गेला, आणि समोरून ती वकीलबाई फुलांचा गुच्छ घेऊन, हसत, आली.

एवाल्डने हात खिशातून काढले नाहीत. बाई गुच्छ पुढे करून उभी. त्याने मान वळवून स्टँडमध्ये मला शोधलं. मी काय खूण करणार? मला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

"आपल्या एवाल्डला साठाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा!" गिस्बर्ट म्हणाला. "एवाल्ड...!"

"पालुश!" अख्खं मैदान गर्जलं, तीनदा, जुन्या दिवसांसारखं.

तेवढंच होतं. वाढदिवसच होता, नवा करारही पुढच्या आठवड्यात सहीला आला. पण त्या दिवशी गिस्बर्ट बोलायचा थांबला, लोक खाली बसले, बाईच्या हातातली फुलं तिच्याच हातात राहिली, तरी एवाल्ड जागचा हलला नाही. कान देऊन गिस्बर्टच्या पुढच्या वाक्याची वाट बघत उभा होता. आणि वर स्टँडमध्ये मीसुद्धा टाळ्या थांबवून त्याच वाक्याची वाट बघत होते.